हालचालीपूर्वीचा संयम

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे लिखित रूप)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्यासपीठावरून दोन शब्द बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. त्यांनी मला ‘मेंदू आणि ध्यानधारणा’ असा विषय सुचविला होता. त्या विषयावर हल्ली पुष्कळ बोलले जाते आणि त्यातील बरेचसे बोलणे सैल असते. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय बराच लहान केला. माणूस हात उचलतो, पाऊल टाकतो, तोंड उघडतो. त्या क्रियेच्या आधीच्या अर्ध्या-एक सेकंदात मेंदूमध्ये काय घडते, एवढेच आज मी सांगणार आहे. मेंदूचा वैद्य म्हणून माझे आयुष्य याच अर्ध्या सेकंदाच्या आसपास गेले आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. आजचे मज्जाविज्ञान आपल्या आचार्यांनी पूर्वीच सांगून ठेवले होते, असा दावा मी करणार नाही. अशा दाव्यांनी शास्त्राचाही मान वाढत नाही आणि विज्ञानाचाही. आचार्यांपुढे प्रश्न आस्रवाचा आणि कर्मबंधाचा होता. प्रयोगशाळेपुढचा प्रश्न पेशींचा आणि विद्युत्स्पंदांचा आहे. मात्र दोघांचीही नजर एकाच ठिकाणी गेली, आणि ते ठिकाण म्हणजे क्रिया घडण्यापूर्वीचा क्षण. त्या क्षणाची वैज्ञानिक बाजू मी मांडतो. दुसरी बाजू आपल्याला माझ्याहून चांगली ठाऊक आहे.

आपण सर्वांनी बालपणी ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ खेळला असेल. ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ असे म्हटले तर हात वर करायचा. नुसते ‘हात वर’ म्हटले तर हलायचे नाही. पहिल्या दोन-तीन आज्ञांना मुले तत्परतेने हात वर करतात आणि एक-दोघे बाद होतात. मग उरलेल्या मुलांमध्ये एक बदल दिसू लागतो. आज्ञा खरी असली तरी ती आता किंचित उशिराने हालतात. अजून कोणी त्यांना थांबविलेले नसते. कदाचित थांबावे लागेल एवढ्या जाणिवेनेच त्यांच्या हाताला आधीपासून लगाम बसलेला असतो.

या खेळाची प्रयोगशाळेतील आवृत्ती गेली कित्येक दशके वापरात आहे. पडद्यावर खूण दिसताच बटन दाबायचे. परंतु काही वेळा त्या खुणेपाठोपाठ ‘थांबा’ अशी दुसरी खूण येते आणि तेव्हा बोट आवरायचे. लोगन आणि कोवन या संशोधकांनी १९८४ साली याचे गणित मांडले. त्यांच्या मते ‘कर’ आणि ‘थांब’ या दोन प्रक्रियांची मेंदूत जणू शर्यत लागते आणि जी आधी पोहोचते तिच्याप्रमाणे घडते. या गणितावरून थांबण्याच्या प्रक्रियेला किती वेळ लागतो हे काढता येते. निरोगी तरुण माणसात तो साधारण एक पंचमांश ते एक चतुर्थांश सेकंद असतो. म्हणजे तेवढा अवधी शिल्लक नसेल, तर थांबण्याची कितीही तीव्र इच्छा असली तरी बोट बटनावर पडणारच. बर्लिन येथील संशोधकांनी २०१६ साली असेच एक निरीक्षण प्रसिद्ध केले. मनाने ठरविलेली हालचाल सुरू होण्यास सुमारे दोनशे मिलिसेकंद उरले की परतीचा रस्ता बंद होतो. त्यानंतर हालचाल पूर्णतः रोखता येत नाही.

आता याच प्रयोगातील दुसरे निरीक्षण पाहा, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे. ज्या फेरीत ‘थांबा’ ही खूण येण्याची शक्यता आहे असे आधी सांगितलेले असते, त्या फेरीत ती खूण आली नाही तरी माणसे बटन सावकाश दाबतात. खूण आल्यावर घातलेला आळा आणि ती येण्यापूर्वीच बसलेला आळा, असे हे दोन निरोध आहेत. दुसऱ्याला मी ‘पूर्वनिरोध’ म्हणेन. पहिला निरोध वेळेशी शर्यत लावतो आणि पुष्कळदा हरतो. दुसरा मुळात शर्यतीलाच वेगळे वळण देतो. इतकेच नव्हे, तर केवळ उजव्या हाताला थांबावे लागेल असे आधी सांगितले, तर मेंदू हा लगाम मुख्यतः उजव्या हातापुरता घालू शकतो आणि डाव्या हाताला मोकळीक ठेवतो.

क्रिकेटचे शौकीन येथे पुष्कळ असतील, त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सचिन तेंडुलकर यष्टीबाहेरच्या चेंडूंवर बाद होत होता. २ जानेवारी २००४ रोजी सिडनीची कसोटी सुरू झाली. त्या डावात त्याने आपला सर्वांत देखणा फटका, कव्हर ड्राइव्ह, जवळजवळ खेळलाच नाही आणि ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या. वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला अर्धा सेकंद लागतो. त्यातला निम्मा वेळ चेंडू ओळखण्यात जातो. अशा वेळी हात निघाल्यावर तो आवरावा असे ठरवून चालत नाही. ज्या फटक्याची हाताला वर्षानुवर्षे सवय, तो फटका चेंडू पडण्यापूर्वीच, किंबहुना मैदानात उतरण्यापूर्वीच बंद करून ठेवावा लागतो. आणि तेवढा एक बंद ठेवून बाकीचे सगळे खुले ठेवावे लागतात. तो डाव पाहताना तो संथ वाटला असेल. त्या दहा तासांत त्या मेंदूने जे काम केले त्याला मी संथ म्हणणार नाही.

निरोध हे मेंदूचे ‘काम’ आहे, ही कल्पना विज्ञानालाही सहज सुचली नव्हती. मज्जातंतू म्हणजे चेतविणारी तार, अशीच समजूत होती. १८४५ साली जर्मनीतील वेबर बंधूंनी दाखविले की, हृदयाकडे जाणारी व्हेगस ही मज्जा उद्दीपित केली की हृदय जोराने धडधडण्याऐवजी मंदावते. १८६२ साली रशियन शास्त्रज्ञ सेचेनोव्ह याने पॅरिसमध्ये क्लोद बेर्नारच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या मेंदूवर मिठाचा खडा ठेवला आणि पायाची प्रतिक्षिप्त क्रिया दबली जाते हे पाहिले. (हे प्रयोग ऐकताना आपल्यापैकी अनेकांच्या मनाला टोचणी लागेल. माझ्याही लागते, परंतु ज्ञानाचा इतिहास सांगताना ते लपविणे मला योग्य वाटत नाही.) पुढे इंग्लंडमध्ये शेरिंग्टन यांनी हे सूत्र पूर्ण केले. कोपर वाकविताना एका बाजूचा स्नायू आकुंचन पावतो, त्याच क्षणी विरुद्ध बाजूच्या स्नायूला मज्जारज्जू सैल सोडतो. हे सैल सोडणे मज्जासंस्था स्वतः घडवून आणते. १९३२ साली त्यांना एड्रियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तेथील भाषणाचा विषय त्यांनी निरोध हाच निवडला होता.

हा निरोध नाहीसा झाला तर काय होते, हे जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. धनुर्वात! गंजका खिळा लागायचा, आठ-दहा दिवसांनी जबडा बसायचा, मग अंग धनुष्यासारखे वाकायचे. धनुर्वाताचे विष जखमेपासून मज्जातंतूंमधून चढत मज्जारज्जूपर्यंत जाते आणि स्नायूंना आवरणाऱ्या पेशींचे रासायनिक निरोप बंद पाडते. चेतविणाऱ्या पेशी शाबूत असतात, आवरणाऱ्या मुक्या होतात. मग भांडे पडल्याचा आवाज, दाराची फट उघडून आलेला उजेड, नुसता स्पर्श, यांतले काहीही झाले की सर्व स्नायू एकदम आवळले जातात. म्हणून अशा रोग्याला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवीत. कुचल्याच्या बियांतील विषही याच तऱ्हेने मारते. लसीमुळे आता हा आजार दुर्मिळ झाला आहे. २०१५ साली तर माता व नवजात बालकांतील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. आपण येथे इतके शांत बसलो आहोत, याचा अर्थ आपल्या मज्जारज्जूतील लक्षावधी पेशी या क्षणी आवरण्याचे काम करीत आहेत, असा आहे.

आता या आवरण्याचे केंद्र कोठे आहे ते पाहू. मेंदूच्या तळाशी, खोलवर, काही पेशीसमूह आहेत. त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. १९८३ साली हिकोसाका आणि वुर्ट्झ यांनी माकडांच्या डोळ्यांच्या हालचालींवर संशोधन प्रसिद्ध केले. नजर स्थिर असताना या समूहातील काही पेशी सेकंदाला पन्नास ते शंभर वेळा स्पंद पाठवीत होत्या, आणि प्रत्येक स्पंदाचा अर्थ ‘नको’ असा होता. नजर वळविण्याची वेळ आली की त्या क्षणभर गप्प होत आणि तेवढ्यात डोळा हले. म्हणजे मेंदूची मूळ स्थिती दार बंद असण्याची आहे. हालचाल करण्यासाठी तो निवडलेल्या हालचालीपुरती कडी काढतो. त्याच भागात साधारण पावट्याच्या दाण्याएवढे सब्थॅलॅमिक न्यूक्लियस नावाचे केंद्र आहे. कपाळामागच्या भागातून तेथे थेट तारा येतात, आणि धोक्याची सूचना मिळताच ते सगळ्याच कड्या एकदम घट्ट करते. लहानशा रक्तस्रावाने एका बाजूचे हे केंद्र निकामी झाले, तर विरुद्ध बाजूचा हात आणि पाय दगड भिरकावल्यासारखे आपोआप उडू लागतात. माझ्या उमेदवारीच्या काळात असा एक रोगी मी पाहिला. त्याचा हात सारखा शेजारी बसलेल्या पत्नीला लागत होता आणि तो दर वेळी हात जोडण्याचा प्रयत्न करीत तिची क्षमा मागत होता. तो प्रसंग मी विसरलेलो नाही. पुढे त्याचा संबंध येईल.

येथपर्यंत मी रोखण्याविषयी बोललो. परंतु हालचालीपूर्वीच्या अर्ध्या सेकंदात तयारीही चालू असते, आणि खरे आश्चर्य हे आहे की तयारी आणि निरोध ही दोन कामे हातात हात घालून चालतात. १९६० च्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे कॉर्नहुबर आणि डेके यांनी माणसाच्या डोक्यावर विद्युतवाहक पट्ट्या लावून पाहिले, तेव्हा स्वतःहून बोट हलविण्याच्या एक-दीड सेकंद आधीपासून मेंदूवर एक मंद विद्युत चढाव दिसू लागला. १९६७ साली मॉस्कोच्या संशोधकांनी दाखविले की, उभा माणूस हात झटकन वर उचलतो तेव्हा हाताचा स्नायू आकुंचन पावण्यापूर्वीच पायाचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागलेले असतात. अभिषेकासाठी कलश उचलताना हे आपल्यापैकी प्रत्येकाच्या बाबतीत घडते. कलश उचलल्यावर तोल पुढे जाणार, याचा हिशेब हात हलण्यापूर्वीच होऊन पाठ सावरलेली असते.

मग प्रश्न असा, की हालचालीची सर्व तयारी झालेली असताना ती आपोआप का घडत नाही? अर्धवट का सांडत नाही? या प्रश्नाची दोन उत्तरे मला फार आवडतात. डोक्याबाहेरून क्षणभर चुंबकीय स्पंद देऊन मेंदूच्या मोटर कॉर्टेक्सला, म्हणजे स्नायूंना आज्ञा देणाऱ्या भागाला, चेतविता येते. त्यासरशी बोट किंचित उडते. माणूस बोट हलविण्याच्या तयारीत, खुणेची वाट पाहात असताना असा स्पंद दिला, तर बोट अधिक जोराने उडेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते विश्रांतीपेक्षाही कमी उडते, आणि जे बोट हलवायचे आहे त्याच्या बाबतीतही असेच आढळते. तयारीच्या ऐन वेळी मेंदू त्याच हाताला अधिक आवरून धरतो. दुसरे उत्तर २०१४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून आले. माकड वाट पाहात असताना मोटर कॉर्टेक्समधील पेशी तयारीत चांगल्याच गुंतलेल्या असतात, परंतु काहींची सक्रियता अशी वाढते आणि काहींची अशी घटते की स्नायूंपर्यंत पोहोचणारी त्यांची बेरीज बदलतच नाही. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंचे गडी पूर्ण जोर लावून उभे असावेत आणि दोर तसूभरही सरकू नये, तसे हे दृश्य आहे. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच चाललेले दिसत नाही.

शर्यतीच्या आरंभरेषेवर वाकलेला धावपटू असाच असतो. त्याची कडी एका क्षणाने आधी निसटली की संपले. २०११ साली दक्षिण कोरियातील देगू येथे जागतिक स्पर्धेच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत उसेन बोल्टसारखा धावपटू बंदुकीच्या आवाजाआधी निघाल्यामुळे बाद झाला. त्याच्यात वेग कमी नव्हता.

आता आपल्या घरच्या शब्दांकडे वळतो. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात संवराच्या साधनांमध्ये गुप्ती प्रथम येते आणि समिती तिच्यामागोमाग. मन, वचन आणि काया यांचे गोपन ती गुप्ती. चालणे, बोलणे, आहार घेणे, वस्तू उचलणे-ठेवणे आणि उत्सर्ग यांतील सावधता ती समिती. बालपणी पाठशाळेत मी ही नावे पाठ केली, तेव्हा मला वाटे की गुप्ती म्हणजे काही न करणे. मज्जाविज्ञान शिकल्यावर ‘काही न करणे’ या शब्दांवरचा माझा विश्वास उडाला. कायोत्सर्गात निश्चल उभा असलेला माणूस वस्तुतः पूर्ण स्थिर कधीच नसतो. शरीर मागे-पुढे सूक्ष्म डोलत असते आणि पोटऱ्यांचे स्नायू ते क्षणोक्षणी सावरीत असतात. कुंभोजच्या बाहुबलींच्या मूर्तीसमोर उभे राहिल्यावर पाषाणात ते डोलणे दिसत नाही, एवढेच.

समितीविषयी मला विशेष सांगावेसे वाटते, कारण तेथे पूर्वनिरोधाची व्यवस्था फार व्यवहारी आहे. ईर्यासमितीत मुनी पुढची चार हात भूमी पाहून चालतात. पायाखाली जीव आल्यावर पाऊल मागे घेण्याची वाट त्यांनी ठेवलेलीच नाही. चालण्याच्या आधुनिक अभ्यासात असे आढळते की, खडबडीत जमिनीवर माणसाची नजर साधारण दोन पावले पुढे असते; कारण उचललेले पाऊल अर्ध्यावर दुसरीकडे वळविणे मेंदूला महाग पडते. तसेच पिच्छीने जागा हलकेच झाडून मग वस्तू ठेवणे. क्रियेच्या आधी एक लहानशी क्रिया घालून ठेवली की हाताला आपोआप तो उशीर मिळतो, जो ‘शिवाजी म्हणतो’ मधील मुलांना बाद होऊन शिकावा लागतो. अष्टमी-चतुर्दशीचा नियम सकाळीच घेण्यामागेही मला हेच दिसते. संध्याकाळी ताट समोर आल्यावर ठरवायचे, तर ती शर्यत आहे. सकाळी ठरवून ठेवले, तर तो फटका आधीच बंद केलेला आहे. हे माझे मत आहे, शास्त्राचा अर्थ नव्हे. पंडितजनांनी चूक असल्यास सुधारावे.

काही विद्वान १९८३ च्या लिबेट यांच्या प्रयोगावरून म्हणतात की, मेंदू आधी ठरवितो आणि माणसाला मागाहून कळते, तेव्हा पुरुषार्थाला जागाच उरत नाही. त्या प्रयोगात मेंदूवरील चढाव हालचालीच्या सुमारे साडेपाचशे मिलिसेकंद आधी आणि इच्छेची जाणीव सुमारे दोनशे मिलिसेकंद आधी नोंदली गेली होती. परंतु तो चढाव म्हणजे निर्णयच होता, हे गृहीत २०१२ पासून गंभीरपणे प्रश्नांकित झाले आहे. मेंदूतील स्वाभाविक चढउतारांची सरासरीही तशीच दिसू शकते. तेव्हा त्या प्रयोगावर एवढा मोठा निष्कर्ष उभारण्याची घाई नको. शिवाय सकाळी नियम घेणारा माणूस त्या अर्ध्या सेकंदाच्या कितीतरी आधी आपले काम करून मोकळा झालेला असतो.

येथे मला माझ्या वडिलांविषयी बोलले पाहिजे. हा विषय मी निवडला तो खरे तर त्यांच्यामुळे. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. आमच्या गावच्या मंदिरात त्यांनी चाळीस वर्षे नित्य अभिषेक केला. उतारवयात त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर सारखा फिरू लागला, जपमाळेचे मणी ओढावेत तसा. आई कौतुकाने म्हणे, ‘ह्यांचा जप आता झोपेतच काय तो थांबतो.’ मी शहरात मेंदूविकारांचा डॉक्टर. सुट्टीत घरी जाई, तो हात पाही आणि मलाही तो जपच वाटे. झोपेत जो थांबतो आणि हात मांडीवर निवांत असताना जो दिसतो, तो कंप १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी वर्णिलेल्या आजाराचे पहिले चिन्ह आहे, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवीत होतो. घरात मला ते ओळखायला दीड वर्ष लागले.

पार्किन्सनच्या आजारात डोपामिन हे द्रव्य बनविणाऱ्या पेशी झिजतात, आणि मघाशी सांगितलेल्या कड्या वेळेवर निघेनाशा होतात. माणसाला उठायचे असते, सर्व काही ठरलेले असते, आणि अंग निघत नाही. काही संशोधकांच्या मते यात पूर्वनिरोधाचा वाटा आहे. लगाम घातला जातो, पण सुटत नाही. दुसरीकडे, जो हात स्थिर राहावा असे वाटते तो थरथरतो. मनात आकडे मोजू लागले की हा कंप वाढतो. अण्णांच्या बाबतीत त्याचा अर्थ असा झाला, की ते णमोकार मंत्राचा एकशे आठ जप मोजू लागले की हात अधिकच हाले. त्यांनी मला एकदा विचारले, ‘जप सुरू केला की हात बंड करतो. हा कोणत्या कर्माचा उदय समजायचा?’ मी त्यांना मोजणीचे कारण सांगितले. ते म्हणाले, ‘मग न मोजता करून बघतो.’ न मोजता केलेल्या जपात कंप थोडा कमी झाला, आणि मला वाटते त्यांचे समाधान माझ्या औषधांपेक्षा त्याने अधिक झाले.

परंतु मंदिरात तसे झाले नाही. एक दिवस अभिषेकाच्या वेळी कलश हिंदकळून जल सांडले आणि कोणीतरी म्हणाले, ‘अण्णा, हात आवरा जरा.’ पुढे दुसरी अडचण सुरू झाली. ते मंदिराच्या पायऱ्या नीट चढत. सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाणाऱ्या सपाट दारात मात्र पाय जमिनीला खिळल्यासारखे थबकत. या आजारात अरुंद दार, वळण आणि गर्दी येथे पाय असे थिजतात. पायऱ्या सोप्या जातात, कारण प्रत्येक पायरीची कड डोळ्यांना पावलाचे ठिकाण दाखविते. मागच्या लोकांना हे कसे ठाऊक असणार? पायऱ्या चढून आलेला माणूस दारात अडतो, म्हणजे मुद्दाम अडतो, असे कोणालाही वाटेल. मागून ‘चला, चला’ असे आवाज आले की पाय अधिकच थिजत. अखेर त्यांनी मंदिरात जाणे सोडले. कारण विचारले, तर म्हणत, ‘ज्याचा स्वतःच्या हातावर संयम नाही, त्याने कलशाला कशाला हात लावायचा?’

हे वाक्य चुकीचे आहे, हे मी त्यांना पटवून देऊ शकलो नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमत्त योगाची अट आहे. असावधपणे केलेल्या हालचालीत दोष आहे. ज्या हालचालीत सावध होण्याचे साधनच आजाराने काढून घेतले, तिला आपण त्याच तराजूत कसे तोलणार? मघाच्या रोग्याचा हात पत्नीला लागत होता. त्या घरात हिंसा होत होती, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल असे मला वाटत नाही. या आजाराच्या एका प्रकारच्या औषधांनी याच्या उलटही घडते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, डोपामिनसारखे काम करणाऱ्या औषधांवर असलेल्या रोग्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांमध्ये जुगार, अनावर खरेदी, अतिखाणे असे आवेग आढळले. ती औषधे न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. सप्तव्यसनांना जन्मभर दूर ठेवलेला एखादा वृद्ध श्रावक अचानक लॉटरीची तिकिटे घेऊ लागला, तर घरच्यांनी त्याला उपदेश करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. औषध बदलल्यावर पुष्कळदा तो आवेग ओसरतो. औषध स्वतःच्या मनाने एकदम बंद मात्र करू नये. ते घातक ठरू शकते.

अण्णा आता नाहीत. घरी त्यांच्यासाठी आम्ही एक साधी युक्ती केली होती. स्वयंपाकघराच्या दारात फरशीवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटविल्या. पट्टी दिसली की ती ओलांडायची, एवढेच. डोळ्यांकडून येणारी ही खूण मेंदूतील बिघडलेली वाट बहुधा टाळून दुसऱ्या वाटेने पायापर्यंत पोहोचते. पहिल्याच दिवशी ते त्या पट्ट्यांवरून चालत जेवायला आले, आणि बसल्यावर आईला म्हणाले, ‘हे देवळात असते तर!’ ते मी त्या वेळी ऐकले आणि सोडून दिले.

म्हणून विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंदिरात फरशीचे काम निघाले आहे, असे मला कळले. सभामंडपातून आत जाणाऱ्या दाराशी, दाराच्या अलीकडे आणि पलीकडे, चार-पाच आडव्या पट्ट्या फरशीतच बसवून घ्याव्यात. रंग आजूबाजूच्या फरशीहून ठळक वेगळा असावा आणि दोन पट्ट्यांतील अंतर वृद्ध माणसाच्या एका पावलाएवढे ठेवावे. दाराच्या एका बाजूस हाताला धरायला दांडी असावी. अभिषेकासाठी एखादा लहान, दोन्ही हातांनी धरता येईल असा कलश वेगळा ठेवावा. आणि दारात कोणी थबकलेला दिसला, तर मागून हाक न मारता त्याला तेथे लागेल तेवढा वेळ उभे राहू द्यावे.